बारा वाजून सतरा

तासगावच्या बेदाणा मार्केटात
गुरुवारी सर्व्हर पडला, बारा सतराला.
मागच्या गुरुवारीही बारा सतराला.
त्याआधीच्या सोमवारी बारा एकोणीस,
पण भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे,
असं हणमंत ऐवळे वॉचमन म्हणाले.
आणि वर, "बारा वाजले ते वाजलेच की."

खोली पत्र्याखालची.
भिंतीपलीकडे कोल्ड स्टोरेज,
तिथे बेदाणा चार अंशावर झोपलेला,
हिरवा, पिवळा, काळा, ज्याच्या त्याच्या मानानं.
भिंतीअलीकडे हा,
सगळ्यांचे हिशेब पोटात घेऊन तापलेला.
समोर टेबलफॅन, त्याची मान एका बाजूला अडकते.

निदान प्रत्येकाकडे तयार होतं.
सचिव म्हणाले, लाईट.
इन्व्हर्टरवाला म्हणाला, अर्थिंग.
एक अडते थेट माझ्याकडे बघून म्हणाले, माणूस.

मी लॉग उघडला.
मरताना कुणी काहीतरी बोलतं, निदान पाणी मागतं.
यानं काहीच नाही.
लॉट चारशे बारा, पेट्या साठ, दर एकशे
आणि पुढं कोरं.
त्यानंतर थेट, सुरू होत आहे.
चक्कर येऊन पडलेला उठतो,
धूळ झटकतो, म्हणतो, बरा आहे मी,
तसं.

तीन रात्री त्या एकशेपुढं बसून काढल्या.
डिस्क ठणठणीत.
वायरी हलवून पाहिल्या.
मुंग्यांची रांग सापडली, तिचा काही संबंध नव्हता.
रिकाम्या मार्केटात मी खोटे अडते सोडले त्याच्यावर,
शंभर, मग दोनशे,
तर पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखा
एकेकाला नीट उत्तर देत राहिला.

मग पद्मजा मगदूम,
तीन वर्षं काट्याच्या नोंदी करणारी,
डबा धुता धुता म्हणाली,
"सर, चहा आला की पडतोय बघा."

चहा.
सौदा थांबतो, बशा खणखणतात,
आणि अडते, खरेदीदार, बागवाले
एका हातात कप धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं
एकदमच विचारतात त्याला:
माझ्या मालाला काय लागला?
उशीर झाला की पुन्हा. पुन्हा. आणखी जोरात,
जणू अंगठा रोवला की त्याला ऐकू जातं.
माझ्या खोट्या अडत्यांना
एवढी घाई करायला मी शिकवलंच नव्हतं.

डेटाबेसचा लॉग मिटला.
यंत्राची स्वतःची वही काढली.
तिथं होतं, एका ओळीत:
मेमरी संपली. सर्वांत जास्त जागा कुणी अडवली ते पाहिलं. मारला.
घर वाचवायला
घरातला सगळ्यात जास्त ओझं वाहणारा.
रागानं नव्हे, नियमानं.
आणि मारलेल्याला लिहायला वेळ मिळत नाही.

पण इतकी जागा घे म्हणून त्याला सांगितलं कुणी?
फाईल उघडली. सोळातले चौदा.
शेजारी शेरा, माझ्या आद्याक्षरांसह:
भरपूर आहे, काळजी नको.
तारीख दोन वर्षांपूर्वीची,
दर तेव्हा फक्त फळ्यावर दिसायचा.

सचिवांना सांगितलं, लाईट नव्हे.
अर्थिंगही नव्हे.
त्या अडत्यांचं निदान बरोबर होतं,
हे सांगितलं नाही.

चौदाचे नऊ केले.
एका वेळी चाळीसच आत, बाकीचे रांगेत.
आणि तेच तेच उत्तर दरवेळी कोठारात जाऊन शोधायचं नाही,
एकदा आणून दारात टांगायचं.

गुरुवार. बारा पंधरा. बशा खणखणल्या.
माझ्या कपावर साय धरली.
कुणीतरी बॉक्समध्ये हात घालून
मूठभर माल फरशीवर सोडला.
सोळा. रेघ चढायला लागली.
पद्मजा पडद्याकडे बघत नव्हती,
टेबलफॅनची मान हातानं धरून उभी होती.
सतरा.
सतरा अजून.
अठरा.
लॉट दोनशे नव्वद, पेट्या बेचाळीस, दर एकशे ऐंशी रुपये.
पूर्ण ओळ.

रात्री सांगलीत घरी येऊन बूट काढला
तर तळाला एक बेदाणा चिकटलेला, चपटा,
कुठल्याच लॉटमधला नाही.
खरवडून काढायला बराच वेळ लागला.